सुनेच्या वहीतला प्रयुक्त

उचगाव,
रविवार, जेवणानंतर

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या मारुतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोक्याचा विषय पुढे येणारच आहे, म्हणून ते आधीच तुझ्या पायांवर ठेवून मोकळा होतो.) तुझा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेला पाठवलेलं तेल लावतेस की देवळीत ठेवून नुसतं बघत बसतेस? भावजींचा खोकला, सुना, नातवंडं सगळं बरं असेल असं धरून चालतो, कारण तसं नसतं तर तू आत्तापर्यंत तीनदा फोन केला असतास. इकडे सगळी खुशाली आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं काय ते खाली वाच.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. एक तर फोनवर तू सगळ्याला 'व्हय व्हय' म्हणतेस आणि ऐकतेस निम्मंच. दुसरं म्हणजे आमच्या घरात आता फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. मी जरा आवाज चढवला की ऋतिका वही घेऊन दारात उभी राहते. विचारलं तर म्हणते, निरीक्षण करतेय. आपल्याच घरात, आपल्याच सख्ख्या बहिणीशी भांडताना सुनेनं निरीक्षण करावं, हे दिवस बघायचे राहिले होते. म्हणून भावकू (माझ्याबरोबर फौंड्रीत होता तो) उद्या निपाणीला लेकीकडे निघालाय, त्याच्या हातात हे पत्र देतोय. पाकीट चिकटवलं आहे. तरी संकेश्वरला बस चहाला थांबली की तो उघडून वाचेलच, त्यामुळे त्याच्याविषयी यात काही वाईट लिहिलेलं नाही.

तर ऋतिकाला आपण बी. एड.ला घातली हे तुला माहीत आहे. रविराज नुसताच 'बघूया' म्हणत होता (तुझा भाचा लग्नाच्या मांडवातसुद्धा 'बघूया' म्हणत होता), मीच हट्टानं म्हटलं की पोरगी हुशार आहे, शिकू दे, मास्तरीण होऊ दे. ते शब्द मला आता रोज जेवणात मिळतात. कारण बी. एड.ला मानसशास्त्र नावाचा एक विषय असतो. मला वाटलेलं, मास्तर व्हायचं म्हणजे फळा, खडू, पट्टी. तसं नाही. आधी माणसाचं मन कसं चालतं ते शिकायचं असतं, आणि कॉलेजात ज्याचं मन मिळत नाही त्याचं घरी बघायचं असतं. सीमाभागातलं कॉलेज, म्हणून शिकवणं निम्मं कानडीत, निम्मं इंग्रजीत, पुस्तक कोल्हापूरहून मागवलेलं मराठीत, आणि तिन्हीत मिळून जे काही समजलं ते संध्याकाळी माझ्यावर.

सुरुवात ताटापासून झाली. एकदा मी चुकून माझं ताट उचलून मोरीत ठेवलं. लगेच ही आतून म्हणाली, 'वा मामा, छान!' (मामा म्हणजे मीच. इकडे सुना सासऱ्याला मामाच म्हणतात, निपाणीत राहून तू हे विसरली नसशील.) मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ताट विसळून ठेवलं. पुन्हा 'छान'. आठ दिवसांत मी तुझ्या भावजयीचंसुद्धा ताट घासायला लागलो आणि मला ते कळलंही नाही. मग एक दिवस पोरगी काहीच बोलली नाही. मी घासलेलं ताट हातात धरून उभा. तिसऱ्या दिवशी रागानं ताट तिथंच ठेवून आलो, तर हिनं वहीत लिहिलं की शाबासकी बंद केल्यावर वर्तन तीन दिवसांत नाहीसं झालं. पुस्तकात म्हणे असंच दिलंय, फक्त तिथं कबुतर आहे. शेहेचाळीस वर्षं उद्यमबागच्या फौंड्रीत वाळूचे साचे भरले, माझ्या हाताखाली बारा माणसं होती, आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोवर मी कबुतराच्या जागी आलो.

इथवर मी सोसलं. खरा घोळ प्रॅक्टिकलचा. या लोकांना सात-आठ प्रयोग करून वही भरावी लागते. प्रयोग ज्याच्यावर करायचा त्याला 'प्रयुक्त' म्हणतात, आणि तो सातवी-आठवीतला विद्यार्थी पाहिजे. ऋतिकानं शेजारच्या नीलमची तेजस्वी ठरवली होती, आठवीत आहे, शहाणी पोर आहे. पहिल्याच दिवशी तिला पेपरातली सगळी 'क' अक्षरं खोडायला लावली आणि घड्याळ लावलं. तेजस्वी घरी जाऊन म्हणाली, वहिनी माझं डोकं तपासतायत. झालं! नीलम तशीच पिठाच्या हातानं आमच्या दारात. 'आमच्या पोरीला काय झालंय म्हनून डोकं तपासाय लागलाय गं? उद्या सोयरीक आली म्हंजे कोन निस्तरायचं?' ऋतिकानं अवधान, स्मरण, प्रयोग असं सगळं समजावून सांगितलं, त्यानं ते आणखी बिघडलं. दोन दिवसांत गल्लीभर झालं की मारुतीरावाची सून वेड बघायला शिकतेय. आमच्या दारावरून जाताना बायका पोरांना पदराआड घ्यायला लागल्या. उचगावात एवढी पोरं, पण हिला एक डोकं मिळेना.

वही द्यायला नऊ दिवस राहिले. वही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं. पोरगी चुलीपाशी बसून रडायला लागली. तेव्हा तुझी भावजय भाकरी उलटता उलटता म्हणाली, 'ह्यास्नीच घे की. सातवीच झाल्याली हाय, दिसभर बसूनच असत्यात.'

मी साफ नाही म्हणालो. का, ते या घरात कुणाला माहीत नाही, आक्का. ते तुला आणि मला माहीत आहे. बायकोला, पोराला मी कायम हेच सांगत आलो की सातवीनंतर घरची अडचण होती, आपल्या आप्पांचं चालेना, म्हणून शाळा सोडली. सातवीच्या निकालादिवशी मास्तर सगळ्यांसमोर आप्पांना काय म्हणाले ते मी तोंडातून कधी काढलं नाही. 'ह्याच्या डोक्यात काय न्हाई. हात बरे हाईत, भट्टीवर घाला.' पास झालो होतो तरी असं म्हणाले. तू त्याच संध्याकाळी मास्तरांच्या सायकलीच्या दोन्ही चाकांतली हवा सोडलीस, आणि मार मात्र मला बसला. पुढच्या जूनला मी वाळू चाळत होतो. आता बासष्टाव्या वर्षी पुन्हा एक मास्तरीण, तीही घरातलीच, घड्याळ लावून माझं डोकं मोजणार, आणि मोजून जर तेच निघालं तर? तेही वहीत, सहीशिक्क्यानिशी! मी म्हटलं, दुसरा कुणीतरी बघ. तर पोरगी डोळे पुसत उठली आणि माझं ताट घासून ठेवलं. (हासुद्धा पुस्तकातला प्रयोगच असणार, मला आता कशाचा भरवसा वाटत नाही.) मी बसलो.

पहिला प्रयोग पाठांतराचा. अर्थ नसलेली अक्षरं, 'टफ', 'गझ', 'डुख' असली बारा, एकेक दाखवणार आणि मग म्हणून दाखवायची. माणसाला म्हणे दहा-बारा वेळा वाचावी लागतात. मला तिसऱ्यांदा बाराच्या बारा आली. ऋतिकानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खिशात चिठ्ठी ठेवली होती. पुन्हा दुसरी बारा काढली, तीही आली. आता यात नवल काय? आमच्याकडे प्रत्येक पॅटर्नला (वाळूत दाबून साचा उठवायचा तो लाकडी नमुना) असलाच अर्थ नसलेला नंबर असायचा, तीन-चारशे पॅटर्न, आणि गोडाऊनवाल्याला वाचता कमी येत असल्यामुळे सगळे माझ्या तोंडात. पण ऋतिका म्हणे, मामा, खरं सांगा, आदी बघितली हुती का? आक्का, जन्मात पहिल्यांदा मास्तरकीच्या बाजूच्या माणसानं मला जास्त येतं म्हणून चोर ठरवलं. मला इतका राग आला की मी जेवताना दुसरी भाकरी घेतली नाही. (त्याचीही नोंद झाली.)

दुसरा प्रयोग आरशाचा, आणि त्यानंच सगळं घर पेटवलं. कागदावर दोन रेघांची चांदणी छापलेली असते. त्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची, पण हात दिसू नये म्हणून आडवा पुठ्ठा, बघायचं ते फक्त समोरच्या आरशात. आरशात सगळं उलटं, त्यामुळे माणसाची पेन्सिल भलतीकडेच जाते. पहिल्यांदा चाळीस चुका, मग तीस, मग वीस, असं होत होत माणूस शिकतो, आणि त्याचा खाली उतरत जाणारा आलेख काढायचा. मी पहिल्याच फेरीत चांदणी पूर्ण केली. एक चूक, तीसुद्धा मांजर आडवं आलं म्हणून. दुसऱ्या फेरीत शून्य. तिसरीतही शून्य. अगं, मोल्डरचा जन्मच उलट्यात जातो! वाळूत कंपनीचं नाव उमटतं ते उलटं, पॅटर्न काढताना एखादं अक्षर ढासळलं तर थापीच्या टोकानं ते उलटंच नीट करायचं, म्हणजे लोखंडात सुलटं येतं. शेहेचाळीस वर्षं मी हेच केलं. पण मानसशास्त्राला ते चालत नाही. आलेख उतरायच्या ऐवजी जमिनीला टेकून झोपला. ऋतिका काकुळतीला येऊन म्हणाली, 'मामा, जरा चुका की हो. निदान दहा तरी.'

आता मात्र माझा तोल गेला. चुकू? मुद्दाम? एक कण वाळू चुकीच्या जागी पडली की सगळं ओतलेलं कास्टिंग रिजेक्ट होऊन पुन्हा भट्टीत जायचं, आणि ही पोरगी मला आलेखासाठी चुकायला सांगते! तिच्या मैत्रिणी म्हणे गेल्या वर्षीच्या वह्या बघून आकडे उतरवतात. मी म्हटलं, मग तूही उतरव, माझं नाव मात्र काढून टाक. तर तेही नाही. म्हणते, खोटं लिहायला हात वळत न्हाई. खोटं लिहायचं नाही, खरं पुस्तकात बसत नाही, आणि मधल्यामध्ये माझं पेन्सिल धरून बोट सुजलं. शेवटी तिनं झोपलेला आलेख तसाच लावला.

तिसरा प्रयोग मी तुला सांगणार नव्हतो. ती एक शब्द म्हणणार, आणि माझ्या मनात पहिला येईल तो शब्द मी सांगायचा, ती मोबाईलवर वेळ लावणार. पाऊस म्हटलं, मी म्हटलं छत्री. बैल, तर कासरा. घर, तर घरपट्टी. सगळी दोन-दोन सेकंदांची कामं. मग ती म्हणाली, शाळा. मला काही सुचेना. म्हणजे सुचत होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, वाळू. तिनं मोबाईल बघितला, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा शब्द घेतला. ती मागीलदारी गेल्यावर मी चष्मा लावून बघितलं. 'शाळा – वाळू – एकेचाळीस सेकंद.' खाली रेघ मारलेली. का म्हणून तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

एवढ्यावर संपेल असं वाटलं होतं. वही कॉलेजात गेली आणि तिथल्या सरांनी ऋतिकाला बोलावून घेतलं. प्रयुक्ताच्या जागी हिनं लिहिलेलं नावाचं नुसतं पहिलं अक्षर, 'मा.', शिक्षण 'सातवी उत्तीर्ण', आणि वयाचा रकाना कोरा. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहिलं तर वही परत येईल, यावर या बाईनं काढलेला तोडगा! सरांना वाटलं तेरा वर्षांचा मुलगा आहे. तेरा वर्षांच्या मुलाला आरशात शून्य चुका? ते म्हणाले, आकडे बनावट आहेत, बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाईंसमोर त्या मुलालाच घेऊन ये, नाहीतर नापास समज. पोरगी घरी आली ती भिंतीसारखी पांढरी. मी काय करणार, मंगळवारी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून तिच्याबरोबर बसमध्ये बसलो.

कॉलेजच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. त्यावर बाकीच्यांचे प्रयुक्त, सगळे शाळेच्या गणवेशात, पोरींच्या वेण्यांना रिबिनी, मांडीवर डबे. मध्ये मी. शिपाई आला आणि म्हणाला, 'अज्जा, पालकांनी गेटभाईर थांबायचं.' मी म्हटलं, 'मी पालक न्हवं, मी प्रयुक्त हाय.' तो दोन वेळा मागं वळून बघत आत गेला. शेजारच्या पोरीनं मला अर्धी चिक्की दिली आणि कितवीत आहात म्हणून विचारलं. मी चिक्की खाऊन टाकली.

परीक्षक बाई कानडी, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या, कडक. (धाकटी बहीण आपल्याला नाही, पण असती तर.) त्यांनी आधी वही बघितली, मग मला, मग पुन्हा वही. सर मागे उभे, त्यांचा चेहरा मी वर्णन करत नाही. बाईंनी आरसा मांडला, नवीन चांदणी ठेवली. मी एका दमात काढली. त्यांनी डाव्या हातानं काढायला सांगितली, तीही काढली, थोडी हळू. मग त्यांनी स्वतः पेन्सिल घेतली आणि पहिल्याच कोपऱ्यावर अडकल्या. मला बघवेना. सुनेचं वर्ष पणाला लागलेलं आहे हे विसरून मी त्यांना म्हटलं, तसं न्हवं बाई, आरशातल्या चांदणीला हात लावू नका, तुमच्या हाताखालच्या वाळूचा विचार करा. आणि मग वाळूवरून साच्यावर, साच्यावरून पॅटर्नवर, उलट्या अक्षरांवर असा मी कानडीत किती वेळ बोललो कोण जाणे. मागच्या दोन-तीन मुली लिहून घ्यायला लागल्या होत्या.

बाईंनी विचारलं, शिक्षण किती? मी सातवी सांगितलं. पुढे का नाही शिकलात? आणि ऋतिका समोर उभी. आप्पांची अडचण, घरचं चालेना, हे सगळं माझ्या तोंडात तयार होतं, अठ्ठेचाळीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं. पण मी सांगितलं ते दुसरंच. मास्तरांनी सांगितलं, डोक्यात काही नाही, म्हणून. कानडीत बोललो म्हणून जमलं बहुतेक. मराठीत ते वाक्य अजून मास्तरांच्या आवाजात ऐकू येतं. बाईंनी लाल पेन काढलं, वहीत दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि वही परत देऊन पुढचा प्रयुक्त बोलवा म्हणाल्या. ऋतिका पास.

परत येताना आम्ही बसस्टँडपर्यंत चालत गेलो. मध्ये मी एका झेरॉक्सच्या दुकानात एक काम उरकलं. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, 'मामा, त्या मास्तरांचं नाव काय हो?' मी म्हटलं आता कशाला, केव्हाच गेले ते. तर म्हणते, 'व्यक्ती अभ्यास त्यांचा कराय पायजे हुता.' (एकाच माणसाला धरून त्याचं मन कसं घडलं ते शोधायचं, असंही एक काम वहीत असतं.) मग खिडकीबाहेर बघत रडायला लागली. भर बसमध्ये, ओळखीचे लोक! मी तिला म्हटलं, अगं, रडू नको, लोक म्हणतील मी छळतो.

आणि आता शेवटचं, ज्यासाठी हे सगळं पुराण लिहिलं. पोरगी पास झाली, आता तरी मला सोडावं की नाही? नाही! चार दिवस झाले, एकच धोशा लावलाय, की मामा, तुम्ही दहावीला बाहेरून बसा. नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर, नंबर शोधत, पाण्याची बाटली घेऊन! मी स्वच्छ नाही सांगितलं आहे. तुझी भावजय हसते आणि रविराज 'बघूया' म्हणतो. तू मोठी आहेस, तुझं ऐकेल. तू फोन करून तिला चांगली झाप, म्हणावं म्हाताऱ्या माणसाला आता सुखानं बसू दे, डोकं-बिकं जे काय आहे ते आहे. तेल संपलं असेल तर कळव.

भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
मारुती

ता. क. – आई गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक तू निपाणीला नेलीस. तिच्यात तळाशी, नऊवारीच्या घडीखाली, माझा सातवीचा दाखला असेल. तो भावकूबरोबर पाठवून दे. घडी घालू नकोस, जुना कागद आहे, तुटेल. वहीच्या पुठ्ठ्यात ठेव. ऋतिकाला एकदा दाखवतो आणि विषय मिटवतो, एवढ्यासाठीच पाहिजे.

ता. क. दुसरं – भावकू बुधवारी सकाळच्या बसनं परत निघणार आहे, त्याच्या आत ट्रंक उघड. अर्ज भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. फोन करून ऋतिकाला झापायचं लिहिलंय ते इतक्यात करू नकोस, ती मला रोज एक धडा गणित सांगते आहे, मध्येच रुसली तर पंचाईत होईल.

ता. क. तिसरं – दाखल्यावर खाली शेऱ्याचा रकाना आहे. मास्तरांनी त्यात काय लिहिलंय ते मी कधी वाचलं नाही, तूही आता वाचून पुन्हा कुणाच्या सायकलीच्या मागं लागू नकोस. जे असेल ते तसंच राहू दे. परीक्षक बाईंच्या लाल शेऱ्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे, ती मी त्याच्याशेजारी टाचणीनं लावणार आहे.